ज्याचा बावटा त्यानं काढावा

फोन वाजला तेव्हा मी डब्याखाली होते, म्हणून घेतला नाही. बाहेर येऊन हात पुसून उलटा फोन लावला, तर संपादक म्हणाले, "दिवाळी अंकासाठी रेल्वेतल्या स्त्रीचे अनुभव हवेत." मी म्हटलं, "रेल्वेतल्या फिटरचे आहेत. चालतील?" मग ते म्हणाले, "चालतील. पण जरा हलकंफुलकं लिहा. पत्रक नको."

माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती तर.

त्याला जबाबदार माझे वडील. मंगळवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात ते खिळे जुळवायचे. तिथं लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त छापली जायची. हमालांचं, मोलकरणींचं, साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांचं. बिघडलेल्या प्रती आमच्या घरी यायच्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, त्यांच्या पुड्यांतून भडंग खाल्लं आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. वर्गातली मुलं 'कमळ' आणि 'गवत' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर', 'तमाम' आणि 'धिक्कार' वाचत होते. एकदा वडिलांना विचारलं, "सगळी पत्रकं 'बंधूंनो' म्हणूनच का सुरू होतात? मोलकरणींच्या पत्रकात बंधू कुठनं आले?" त्यांनी खिळ्यांचा खण पुढं ओढून दाखवला. "भ कमी हायती गं." पण पुढच्या पत्रकावर 'भगिनींनो' आलं, आणि त्यातला एक भ जरा वेगळ्या वळणाचा होता. शेजारच्या छापखान्यातून उसना आणलेला. चळवळ म्हणजे काय, हे मला त्या उसन्या भ वरून समजलं.

अशा मुलीनं वकील व्हावं अशी नातेवाइकांची इच्छा होती. मी आयटीआयला फिटर ट्रेड घेतला. मग शिकाऊ उमेदवारी, लेखी परीक्षा, खांद्यावर वजन घेऊन पळायची परीक्षा आणि शेवटी डोळ्यांची तपासणी. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत लपलेला आकडा सांगायचा असतो. लाल-हिरव्यात घोटाळा होत असेल तर घरी परत. लाल ओळखायची मला लहानपणापासूनची सवय. पास झाले.

आता लोक विचारतात, "रेल्वेत म्हंजे तिकिटं तपासतीस?" नाही. "मग चालवतीस?" तेही नाही. मी डबे दुरुस्त करते. त्यातही डब्याखालचा भाग जास्त. चाकं, ब्रेक, स्प्रिंगा, दोन डब्यांना जोडणारे कपलिंग आणि हवेचे पाइप. प्रवाशाला डब्याचा पंखा दिसतो, पंखा बंद असला की तो तक्रार करतो. चाकाबद्दल आजवर एकाच माणसानं मला प्रश्न विचारला. शिरोली एमआयडीसीत त्याची फौंड्री होती. गाडी सुटायच्या आधी तो फलाटावर ओणवा होऊन चाकाकडं बघत होता. मी म्हटलं, "पावणं, काय सांडलंय का?" तो म्हणाला, "न्हाय ओ, चाक ओतलेलं हाय का घडवलेलं, तेवढं बघतोय." मला इतका आनंद झाला की मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याची बायको खिडकीतून म्हणाली, "झालं का? जिथं जाईल तिथं ह्येस्नी लोखंडच भेटतंय."

गाडी स्टेशनात शिरते तेव्हा आम्ही रुळाच्या दोन्ही बाजूंना उकिडवे बसतो आणि जाणारी चाकं बघतो. बघतो म्हणण्यापेक्षा ऐकतो. निरोगी चाक एका लयीत जातं. घासून एका जागी चपटं झालेलं चाक ठक, ठक, ठक करत जातं, आणि तो डबा लगेच लक्षात ठेवायचा. गाडी थांबली की चाकाच्या धुऱ्याचं तापमान मोजायचं, ब्रेक तपासायचे, काही ढिलं असेल तर आवळायचं. फलाटावरचे लोक बघत असतात. एकदा खिडकी अडकली म्हणून तक्रार आली. मी पाना घेऊन गेले, तर आतले गृहस्थ म्हणाले, "बाई, फिटरला पाठवा की." मी म्हटलं, "मीच फिटर." ते म्हणाले, "तसं न्हवं, खरा फिटर." मी खिडकी उघडली. मग त्यांना विचारलं, "वारा खरा येतोय न्हवं?" (संपादकसाहेब, इथं मी दोन परिच्छेद लिहून खोडले आहेत. ते पत्रक होतं.)

हे काम मला शिकवलं इराप्पाअण्णांनी. निपाणीकडचा माणूस, निम्मं बोलणं कानडीत. मला 'तंगी' म्हणायचे. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. खात्यात येऊन त्यांचे केस पांढरे झाले होते आणि मी आले तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला ना पाना दिला, ना हातोडी. एक लाल बावटा दिला.

"आधी ह्ये शिक," म्हणाले. "डब्याखाली शिरायचं तर पैला बावटा लाव. इंजिनाच्या पुढ्यात, दोन रुळांच्या मदी, ड्रायव्हरला दिसंल असा. जवर बावटा हाय तवर गाडी हलत न्हाय. आन् काम झालं की काढायचा. कुणी?"

"आपण."

"कोण आपण?"

"ज्यानं लावला त्यानं."

"हां. साहेब म्हणू दे, ड्रायव्हर म्हणू दे, परमेश्वर खाली उतरून म्हणू दे. ज्याचा बावटा त्यानं काढायचा. दुसऱ्याच्या बावट्याला हात लावायचा न्हाय."

कारण साधं आहे. डब्याखालच्या माणसाला वरचं काही दिसत नाही आणि वरच्यांना तो दिसत नाही. गाडी जरा जरी हलली तरी तो संपला. हा नियम कुणा विद्वानाला खुर्चीत बसून सुचलेला नाही. त्याच्यामागे कुठल्यातरी स्टेशनातला कुणीतरी माणूस आहे, ज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. आमच्याकडं प्रत्येक फिटर आपल्या बावट्याच्या काठीला खूण करतो. अण्णांच्या काठीला पितळी तार गुंडाळलेली होती. माझ्या काठीवर मी नाव लिहिलं होतं, खाली जाड रेघ मारून. अण्णा म्हणाले, "नाव पुरे होतं की. रेघ कशाला? सभा हाय व्हय?"

आता त्या सकाळची गोष्ट.

पुण्याकडं जाणारी गाडी फलाटावर लागली होती. डबे भरलेले. सुटायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात अण्णांना मधल्या एका डब्याखाली ब्रेकच्या दांड्याची पिन ढिली वाटली. "बघून येतो," म्हणाले, पुढं जाऊन बावटा लावला, आणि फलाटाच्या पलीकडच्या बाजूनं खाली शिरले. मी मागच्या डब्यांचे पाइप बघत होते.

सुटायची वेळ झाली. सिग्नल पडला. मागं गार्ड हिरवा झेंडा घेऊन तयार. पुढून ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "ओ! ह्यो बावटा कुणाचा?"

मी पळत पुढं गेले. काठीला पितळी तार.

पाठोपाठ आमचे सुपरवायझर जोशीसाहेब आले. जोशीसाहेब वाईट माणूस नाहीत. गाडी उशिरा सुटली की वरून फोन येतो आणि तो फोन त्यांनाच घ्यावा लागतो, एवढाच त्यांचा गुन्हा.

"काढ तो बावटा," ते म्हणाले.

"अण्णांचा आहे, साहेब."

"अण्णा कुठे आहेत?"

"डब्याखाली गेले होते."

"मग बघ आणि काढ."

मी पलीकडच्या बाजूला उतरले, एकेका डब्यापाशी वाकून 'अण्णा, अण्णा' करत शेवटपर्यंत गेले आणि परत आले. कुणी दिसलं नाही, कुणी ओ दिली नाही.

"नाहीत ना? झालं तर. काढ."

"दिसले नाहीत एवढंच कळलं, साहेब. नाहीत असं कुठं कळलंय?"

"अगं, ते चहा प्यायला गेले असतील! बावटा विसरला असेल त्यांचा!"

"मग चहा पिऊन येतील आणि काढतील."

जोशीसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती, आणि ती पक्की करायची शिफारस त्यांनीच द्यायची होती. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दोघांनाही ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, मी सांगतोय. माझी जबाबदारी."

मी म्हटलं, "साहेब, जबाबदारी तुमची. मान अण्णांची."

हे वाक्य मला फार आवडलं. मी ते जरा मोठ्यानं बोलले असावे, कारण जवळच्या डब्यातून टाळी आली. मात्र बाकीच्या डब्यांतून वेगळेच सूर येऊ लागले होते. "काय झालंय?" "कोण तरी बाई गाडी सोडंना झालीया!" "तिचं काय मागणं हाय?" "संप हाय काय?" एकानं खिडकीतून ओरडून सांगितलं, "ताई, आमचा पाठिंबा हाय, पन पुण्यात पोचल्यावर!"

चहावाला म्हणाला, अण्णा आज आलेच नाहीत. मग जोशीसाहेबांना एकदम सुचलं. "फोन लाव त्यांना! इतका वेळ सुचलं कसं नाही?"

मी फोन लावला.

अण्णांच्या फोनला कोंबड्याची बांग होती. लांब, गळा ताणून दिलेली. ती बांग आली. मधल्या डब्याखालून आली.

"गाडीखाली कोंबडा!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा डबा हसला. कोंबडा पुन्हा आरवला. लोक पुन्हा हसले. जोशीसाहेब आणि मी हसलो नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. बांग थांबली. कुणी फोन उचलला नव्हता.

"वाकून बघितलं होतंस ना तू?" त्यांनी विचारलं.

"बघितलं होतं. चाकांच्या आतल्या बाजूचं बाहेरून दिसत नाही."

मी माझा बावटा आणला, अण्णांच्या बावट्याशेजारी लावला आणि त्या डब्याखाली शिरले. खाली काळोख, तेलाचा वास. मी हात पुढं करत गेले. हाताला काहीतरी मऊ लागलं. ती अण्णांची टोपी होती. शेजारी त्यांची हत्यारांची पिशवी लोखंडाला अडकवलेली, तिच्यात फोनचा उजेड. पिन नीट बसवलेली. अण्णा नव्हते.

मी टोपी आणि पिशवी घेऊन बाहेर आले. जोशीसाहेब फलाटावरच्या बाकावर बसले होते. आता मला कुणीच 'काढ' म्हणत नव्हतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

तेवढ्यात पुढच्या डब्याच्या दारातून एक बाई खाली उतरल्या. आजऱ्याच्या काजूवाल्या. काजूचे डबे घेऊन पुण्याला नेहमी जातात, सगळे त्यांना आक्का म्हणतात. कमरेवर हात ठेवून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"व्हय गं, तू रेल्वेची हाईस न्हवं? ह्यास्नी बोलून काय उपेग न्हाय, ह्ये तर रडायला आल्यागत दिसत्यात. आमच्या डब्यातल्या संडासात कोण तरी घुसून बसलंय. दारू पिऊन आलंय बग. भाईर येईना, आनि आतनं दार बडवतंय."

"आक्का, आत्ता नको. आमचा माणूस..."

"आगं ऐक तरी! म्या म्हटलं, बसा निवांत, गाडी हलंना झालीया. तर मलाच शिव्या द्याय लागलं! कानडीत!"

मी आक्कांकडं बघितलं. मग पळाले.

संडासाचं दार आतून बंद. मी वाजवलं. आतून असं काही कानडी आलं की ते मी इथं लिहिणार नाही. मी म्हटलं, "अण्णा?"

शिव्या थांबल्या. मग अगदी बारीक आवाज. "तंगी?"

झालं होतं असं. पिन बसवून अण्णा पलीकडच्या बाजूनं बाहेर पडत होते. शेजारच्या डब्यातल्या एका प्रवाशानं खिडकीतून हाक मारली, "मामा, ह्या संडासाची कडी लागंना." अण्णांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होताच. टोपी आणि पिशवी खालीच ठेवून ते वर चढले. दोन मिनिटांचं काम. कडी बसवली, दार लावून आतून ओढून बघितली. लागते का? लागली. अशी लागली की सुटेना. आणि स्क्रू ड्रायव्हर हातातून निसटला, तो सरळ भोकातून खाली.

"आमी हाका मारतोय," अण्णा आतून म्हणाले, "तर भाईरनं एक बाई म्हणती, बसा निवांत!"

"म्या काय वंगाळ बोलले?" आक्का माझ्या मागून ओरडल्या. "काळजीनंच बोलले की!"

मी बाहेरून पट्टीचे स्क्रू काढले, कडी सोडवली, दार उघडलं. अण्णा घामानं निथळत उभे होते. मला वाटलं, आता पाणी मागतील. ते म्हणाले, "बावटा?"

"जागेवर हाय."

"कुणी हात लावला?"

"न्हाय."

त्यांनी टोपी माझ्या हातातून घेतली, झटकली, डोक्यावर ठेवली. "आदी वाटलं, गाडी सुटली तर मिरजेपातूर संडासातनं जायाचं आलं. मग म्हटलं, तंगी हाय तितं. हलायची न्हाय."

इथं मला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या सकाळी बावट्यानं कुणाचाही जीव वाचवला नाही. मी बावटा काढला असता, गाडी सुटली असती, तर अण्णा मिरजेपर्यंत शिव्या देत गेले असते आणि संध्याकाळी परत आले असते. जोशीसाहेबांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण खाली माणूस आहे की संडासात, हे बावट्याला कळत नसतं, आणि वर उभ्या असलेल्यांनाही कळत नसतं. म्हणूनच तर बावटा. हे मी दहा वेळा लिहीन, ठळक अक्षरांत लिहीन, भ उसने आणावे लागले तरी लिहीन.

(हे छापायची परवानगी मी अण्णांकडून घेतली आहे. ते आता निपाणीत नातवंडांना सायकली दुरुस्त करून देतात. म्हणाले, "लिही की. फकस्त संडास म्हणू नको. 'डब्याची अंतर्गत तपासणी' असं घाल." मी म्हटलं, अण्णा, वाचकांशी खोटं बोलणार नाही. ते म्हणाले, "मग निदान दार लई मजबूत हुतं असं तरी लिही." दार फार मजबूत होतं.)

तर, अण्णा म्हणाले, "तंगी, मी बावटा काढतो. तू कडी बसव. उघडं दार घेऊन गाडी सोडायची न्हाय." ते ऐटीत फलाटावरून चालत इंजिनाकडं निघाले. खिडक्याखिडक्यांतून लोक त्यांच्याकडं बघत होते. कानडी शिव्यांची बातमी त्यांच्या पुढं पळत गेली होती. मी संडासात शिरले, दार ओढून घेतलं आणि कडी बसवायला लागले. मन कसं हलकं झालं होतं. माणूस सापडला, नियम टिकला, आणि 'मान अण्णांची' हे वाक्यही बरं जमलं होतं. गुणगुणतच मी एकेक स्क्रू पिळत होते.

गाडी काही हलेना. मी म्हटलं, सिग्नल परत घ्यावा लागला असेल.

दारावर धाडधाड झाली. "आगं ए रेल्वेवाली!" आक्का. "आता तू का आत बसलीस?"

"झालंच, आक्का! शेवटचा स्क्रू!"

"स्क्रू ऱ्हाऊ दे! भाईर समदी तुझ्या नावानं बोंबलायल्यात! रेघ मारलेला बावटा तुझाच न्हवं?"

मी दार उघडलं. सुटलं, देवाची कृपा. फलाटावर उडी मारली आणि पळत सुटले. गाडीची लांबी मी रोज चालते, पण त्या दिवशी ती कुणीतरी ओढून वाढवली होती. प्रत्येक खिडकीत डोकी. "आली, आली!" "हीच ती!" "ताई, तुमचं बी मागणं मान्य झालं काय?" मघाशी पाठिंबा देणारा माणूस आता पोट धरून हसत होता.

इंजिनापुढं सगळे उभे होते. ड्रायव्हर हातावर हनुवटी टेकवून खिडकीत. अण्णा आपला बावटा गुंडाळून काखेत मारून आभाळाकडं बघत. आणि माझ्या बावट्याच्या शेजारी, अगदी हातभर अंतरावर, हात पाठीमागं घट्ट बांधून जोशीसाहेब.

मला दम लागला होता. "साहेब," मी म्हटलं, "मी खाली नाही हे तुम्हाला दिसत होतं की. काढायचा होता."

"छे!" जोशीसाहेब इतक्या मोठ्यानं म्हणाले की पार आक्कांच्या डब्यापर्यंत ऐकू गेलं असेल. "दिसत नव्हतीस, एवढंच मला कळलं होतं."

मी खाली उतरले, बावटा उपटला, गुंडाळला आणि बाजूला झाले. ड्रायव्हरनं हात भोंग्याकडं नेला. जोशीसाहेबांनी त्याला बोट दाखवून थांबवलं. मग ते फलाटाकडं वळले आणि हमालांकडं, चहावाल्याकडं, खिडक्यांतल्या डोक्यांकडं एकेक करून बघत विचारलं, "आणखी कुणाचा आहे? असेल तर आत्ताच सांगा."

कुणाचाच नव्हता. गाडी सुटली.